एका फुलाचे तीन रंग

लग्नसमारंभात पाहुण्यांच्या हाती जो पुष्पगुच्छ दिला जातो, त्यात हल्ली जांभळ्या ऑर्किडच्या दोन-चार काड्या हमखास असतात. त्या जवळून पाहिल्या तर रंग तोच, आकार तोच, पाकळीची ठेवणही तीच. कारण अशी रोपे प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, एकाच निवडक रोपापासून हजारोंच्या संख्येने वाढवतात. बाजाराला एकसारखेपणा हवा असतो. निसर्गाला मात्र तो परवडत नाही. का परवडत नाही, ते डोंगरात आपोआप उगवणाऱ्या ऑर्किडकडून समजून घेऊ.

आपल्याकडे ऑर्किडला आमरी असेही नाव आहे. तिचे बी म्हणजे निव्वळ धूळ. एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया असतात. पण बीमध्ये अंकुरासाठी शिदोरी जवळपास नसतेच. जमिनीतली विशिष्ट बुरशी भेटली, तिने अन्न पुरवले, तरच ते रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हे कोडे उलगडले. यातून दोन उलट गोष्टी घडतात. धुळीसारखे बी वाऱ्यावर दूर जाते, म्हणून लांबलांबच्या डोंगरांवरच्या आमरीत नाते टिकून राहते. पण बरेचसे बी आईच्या पायाशीच पडते आणि योग्य बुरशी असेल तिथेच उगवते. म्हणून प्रत्येक पठारावर तिचे वेगळे गोकुळ तयार होते.

एका डोंगरावरची रोपे उंच, दुसऱ्यावरची बुटकी. इथे फुले गडद, तिथे फिकी. हा फरक रक्तातला की मातीतला? शेतकरी हे सहज ओळखेल. ज्वारीचे एकच बियाणे काळ्या रानात कमरेच्या वर जाते आणि मुरमाड माळावर गुडघ्याशी थांबते. खरी परीक्षा करायची तर दोन्हीकडचे बी एकाच वाफ्यात लावून पाहायला हवे. पण रानातल्या आमरीला बीपासून फुलापर्यंत यायला अनेक वर्षे लागतात. म्हणून आता पानाचा बारीकसा तुकडा घेऊन त्यातला डीएनए वाचतात आणि जोडीला रोपाची मोजमापे ठेवतात.

असा एक सुंदर अभ्यास इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या डोलोमाइट रांगेत झाला. तिथल्या पुफ्लाच नावाच्या पठारावर, सुमारे २ हजार मीटर उंचीवर, जिम्नाडेनिया ऱ्हेलिकानी ही वीतभर उंचीची आमरी उन्हाळ्यात फुलते. तिला व्हॅनिलासारखा गोड वास असतो. एरवी तिची फुले काळपट लाल, जवळजवळ काळीच असतात. या पठारावर मात्र काळ्यांच्या शेजारी लाल आणि पांढरी फुलेही मोठ्या संख्येने दिसतात. झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी याचे कारण शोधून २०१९ मध्ये प्रसिद्ध केले.

फुलात रंग तयार करण्याचा हुकूम देणारा एक जनुक असतो. प्रत्येक रोपाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. पुफ्लाचवरच्या काही रोपांत या जनुकातले एकच अक्षर बदलले आहे, त्यामुळे हुकूम अर्ध्यावर तुटतो. दोन्ही प्रती धड असतील तर फूल काळे, एक बिघडलेली असेल तर लाल, दोन्ही बिघडलेल्या असतील तर पांढरे.

आता बिघडलेली प्रत काळाच्या ओघात नाहीशी व्हायला हवी. झाले उलटेच. मधमाश्यांना गडद फुले आवडतात, माश्यांना पांढरी. लाल फुलाकडे दोघीही येतात, म्हणून त्याला बी जास्त धरते. आणि लाल-लाल जोडीच्या संततीत पुन्हा काळे, लाल, पांढरे तिन्ही निघतात. आपण ज्याला बिघाड म्हणू, तोच तिथे भांडवल ठरला.

आल्प्ससह युरोपातल्या अनेक डोंगरांवर डॅक्टिलोर्हायझा सॅम्ब्युसिना नावाची दुसरी आमरी आहे. तिची पिवळी आणि जांभळट लाल फुले एकाच कुरणात मिसळून उगवतात. ही मात्र लबाड. फुलात मध नाहीच. वसंतात नुकत्याच बाहेर पडलेल्या भुंग्यांच्या राण्या एका रंगाकडे जातात, फसतात आणि मग दुसरा रंग आजमावतात. त्यामुळे जो रंग संख्येने कमी, त्याचा फायदा अधिक. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे दिसून आले. पुढे दुसऱ्या ठिकाणच्या पाहण्यांत हा नियम इतका ठळक आढळला नाही. तेही स्वाभाविकच, कारण प्रत्येक कुरणाचा हिशेब वेगळा, तिथले कीटक वेगळे.

या लबाड आमरीची एक चुलत बहीण आपल्या हिमालयात राहते. तिचा कंद हाताच्या पंजासारखा असतो, म्हणून तिला सालमपंजा म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानात हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. पौष्टिक म्हणून या कंदाला मोठी मागणी आहे, आणि कंद काढायचा म्हणजे रोपच मुळासकट उपटायचे. बी पिकण्याआधी उपटले तर पुढची पिढीही गेली. त्यात खणणारा साहजिकच मोठा कंद शोधतो. म्हणजे जोमदार रोपे आधी जातात आणि मागे राहतात ती किरकोळ.

ऑर्किडच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. पण कागदावरची यादी जातींची असते, कुरणांची नसते. उद्या पुफ्लाचचे कुरण नांगरले गेले, तरी काळी आमरी इतर डोंगरांवर राहील आणि जात वाचली असे आपण म्हणू. त्या पठाराने जमवलेले रंगांचे त्रिकूट मात्र गेलेले असेल, आणि त्याची नोंद कुठल्याच यादीत होणार नाही.

मग प्रयोगशाळेत रोपे वाढवून डोंगरावर लावावीत का? जरूर लावावीत, पण पुष्पगुच्छातल्यासारखी एकाच रोपाची नक्कल नकोत. त्याच डोंगरावरच्या अनेक रोपांचे बी थोडे थोडे घ्यावे, तिथली बुरशी सांभाळावी आणि जुनी कुरणे राखावीत. डोंगरमाथे तापत चालले आहेत. उद्याच्या उन्हात यातले कोणते रोप टिकेल, ते आज कोणी सांगू शकत नाही. कदाचित आज ज्याच्याकडे आपले लक्षही जात नाही, असे एखादे फिके, बुटके रोपच टिकेल. म्हणून आमरी मोजताना नुसती डोकी मोजून भागणार नाही. त्यांच्यातला फरकही मोजायला आणि जपायला हवा.