हात आणि वही



पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत ओझी उचलणाऱ्या आपल्या माणसांना हर्नियाचे दुखणे अपरिचित नाही. शस्त्रक्रियेत पोटाच्या कमकुवत भागाला जाळी लावतात. ही तयार जाळी गरिबाला परवडत नसे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. इतर शल्यविशारदांसह रुग्णांच्या नोंदी ठेवल्या व २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ शस्त्रक्रियांत अशा स्वस्त जाळीची महाग जाळीशी तुलना झाली. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला: वर्षभरानंतर दोहोंत लक्षणीय फरक नव्हता.

मित्रांनो, प्रश्न विचारणे, नोंद ठेवणे, रुग्णाला वर्षाने पुन्हा तपासणे आणि चूक निघाल्यास कबूल करणे, हेच संशोधन. एम. एस. च्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. तो पदवीपुरता उरकू नये. हाताचे कसब गुरूकडून मिळते. त्याने रुग्ण खरोखर बरा झाला का, हे नोंदवहीच सांगते.

पालकहो, आपला मुलगा वा मुलगी ‘असे का?’ म्हणून विचारील, तेव्हा त्यांना गप्प बसवू नका, ही विनंती.