विंचवाचे विष आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य कापडाच्या गाठी सोडण्यात आणि तागे मोजण्यात गेले. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तरीही आज डॉ. हिंमतराव बावस्करांविषयी बोलण्याचे ठरविले, त्यामागे एक जुने कारण आहे.

१९७८ सालची भातकापणी चालू होती. आमच्या दुकानात पोलादपूरकडील एक हमाल होता. गोदामात गाठ उचलताना त्याला लाल विंचवाने दंश केला. वडिलांनी त्याला प्रथम विष उतरविणाऱ्याकडे नेले. तासाभराने दुखणे कमी झाल्याचे तो म्हणाला आणि आम्ही निर्धास्त झालो. त्याचा सदरा घामाने भिजला होता, उलट्या होत होत्या, हातपाय गार पडले होते. हे सारे आम्ही पाहिले, पण त्याचा अर्थ उमगला नाही. पहाटे त्याला धाप लागली, तोंडाला गुलाबी फेस आला आणि उजाडण्यापूर्वी तो गेला. त्याच्या घरी निरोप घेऊन वडिलांनी मला पाठविले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो.

त्याच काळात, आपल्या महाड तालुक्यातच, एक तरुण डॉक्टर याच लक्षणांचा अर्थ शोधत होते. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी १९५१ साली जन्मलेले बावस्कर गरिबीशी झगडत शिकले, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते आणि पुस्तकांत खात्रीचा उपाय नव्हता. मग ते रुग्णाच्या खाटेशीच बसू लागले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद ठेवू लागले. आम्ही व्यापारी रोजमेळ लिहितो ना, तसाच हा मृत्यूचा रोजमेळ म्हणावा लागेल. वेदना किती आहे यावरून विषाची तीव्रता ठरत नाही; उलट्या, भरपूर घाम आणि थंड हातपाय हीच धोक्याची पूर्वसूचना आहे, असे त्यांना आढळले. त्यांचे हे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. १८२३ पासून निघणारे ते साप्ताहिक म्हणजे वैद्यकविश्वातील मानाचे पान.

पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून ते एम.डी. झाले आणि पुन्हा इकडेच परतले. एम.डी. झालेला माणूस शहर सोडून महाडला येतो, हे मला त्यांच्या संशोधनाइतकेच मोठे वाटते. या विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यांनी या रुग्णांना दिली. गोळी साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची. त्यावरील लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिले, तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे तिने दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आणखी एक प्रसंग व्यापाऱ्याच्या नजरेतून सांगतो. २०१३ साली एका तपासणी केंद्राने, रुग्ण पाठविल्याबद्दल, त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश धाडला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. आमच्या धंद्यात दलाली असते, हे मी लपवीत नाही. पण ती वहीत उघड लिहिलेली असते आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांना ठाऊक असते. रुग्णाला मात्र आपल्या बिलात कोणाचा वाटा दडला आहे, याची कल्पनाही नसते. बाराशे रुपये म्हणजे रक्कम किती? तेवढ्यासाठी स्वतःच्याच व्यवसायबंधूंचा रोष कोण ओढवून घेईल?

त्या हमालाला थेट दवाखान्यात नेले असते तर तो वाचला असता का, हा प्रश्न मी अनेक वर्षे स्वतःला विचारीत आलो. १९७८ साली ही गोळी कोणी देत नव्हते. कदाचित वाचलाही नसता. पण नव्वदच्या दशकात आमच्याच एका गड्याच्या मुलीला सरपणातला विंचू चावला. ती कपाळावरचा घाम पुसू लागताच मी रिक्षा बोलावली. तिला वेळेत प्राझोसिन मिळाली आणि तिसऱ्या दिवशी ती घरी आली.

विश्वस्त मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या ट्रस्टकडून औषधोपचारासाठी मदत दिली जाते, ती चालू राहावीच. त्याबरोबर दरवर्षी कापणीपूर्वी या लक्षणांचे एक पानी पत्रक छापून महाड-पोलादपूरच्या प्रत्येक गोदामात, भातगिरणीत आणि वाडीवस्तीवर लावावे. अक्षरे मोठी असावीत, आणि वेळ न घालविता दवाखाना गाठा, हे सर्वांत वर असावे. पहिल्या छपाईचा खर्च आमच्या दुकानाकडे लावावा.