पर्यावरणाचे पुस्तक आपल्या शिवारात
(विसरवाडी, ता. नवापूर, जि. नंदुरबार येथे शेतकरी व पालकांसमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज महाविद्यालयात जातात. शाखा कोणतीही असो, पदवीसाठी त्यांना पर्यावरण हा विषय शिकावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसे निर्देश दिले आणि २००३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी ५० तासिकांचा अभ्यासक्रम आखून दिला. त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे बाहेर जाऊन केलेल्या पाहणीसाठी ठेवले होते. पुढे अभ्यासक्रम बदलला, तरी क्षेत्रकार्याचे महत्त्व कायम आहे.

हे काम पुष्कळदा कसे होते? दुकानातून तयार प्रकल्पवही आणावयाची आणि मजकूर उतरवून काढावयाचा. आपला मुलगा कुठल्या तरी दूरच्या तलावाची माहिती लिहितो; घरामागच्या नाल्याकडे मात्र पाहात नाही. गुण मिळतात, पण घरात ज्ञान येत नाही. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. या विषयाचे अभ्याससाहित्य आपल्या शिवारातच आहे आणि त्याचे पहिले शिक्षक आपण आहात.

पुस्तके नकोत, असे मी म्हणत नाही. डॉ. एराक भरुचा यांचे पदवी वर्गासाठीचे पाठ्यपुस्तक आहे. पक्ष्यांसाठी डॉ. सलीम अली यांचे पुस्तक व मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपयोगी पडतो. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील वनस्पतींवर डॉ. डी. ए. पाटील यांचा इंग्रजी ग्रंथ आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ही पुस्तके मागावीत. परंतु पुस्तकातले झाड ओळखावयाचे ते बांधावरच.

आता तुरीचेच उदाहरण घ्या. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तूर फुलावर आली की घाटे अळी येते. अळीला कोतवाल व साळुंकी टिपतात आणि लहान पक्ष्यांवर शिक्रा झडप घालतो. पुस्तकात हिलाच अन्नसाखळी म्हणतात. मुलाला हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावयास सांगा आणि अडकलेले नर पतंग रोज मोजून वहीत लिहावयास सांगा. सलग २ ते ३ दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग आढळले, तर झाडावरील अळ्या तपासून नियंत्रणाचे उपाय योजावेत. शेतात पक्ष्यांना बसण्यासाठी काठ्या रोवा आणि त्यांवर कोणते पक्षी किती वेळा आले, तेही लिहू द्या. यातून प्रकल्प होईल आणि गरज नसलेली एखादी फवारणीही वाचेल.

दुसरा प्रयोग जमिनीचा. पावसाळ्यात, जमिनीत ओल असताना, एक फूट लांब, रुंद व खोल असा एक खड्डा बांधाजवळ आणि एक शेताच्या मध्यभागी घ्यावा. माती गोणपाटावर पसरून दोन्हींतील गांडुळे मोजावीत. शेणखत घातलेल्या व न घातलेल्या तुकड्यांतही अशीच तुलना करावी. गांडुळे मोजून झाली की माती पुन्हा खड्ड्यात भरावी.

तिसरा प्रयोग विहिरीचा. दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी. वर्षाअखेर बारा आकडे हाती येतील आणि रब्बीला किती क्षेत्र भिजेल, याचा अंदाज पुढच्या वर्षी त्यावरूनच बांधता येईल.

आता मोहाकडे या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आपण फुले वेचतो. रात्री त्याच झाडावर वटवाघळे येतात. ती फुले खातात, पण खाताना परागीभवन करतात व पुढे बियाही दूर नेतात. हा अभ्यास रात्री झाडाखाली बसल्याशिवाय होत नाही. तेथे मुलाबरोबर आजोबा बसले, तर अधिक चांगले.

आजोबांचे नाव मी मुद्दाम घेतले. कोणत्या रानभाजीचे कोवळे पान खावे, कोणती उकळून पाणी टाकावे, कोणती साल कोणत्या दुखण्यावर चालते, हे आपली वडीलधारी माणसे जाणतात. मावची व भिली बोलीतील झाडांची नावे त्यांच्या तोंडी आहेत. ती लिहिली नाहीत, तर त्यांच्याबरोबरच जातील. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. मुलांच्या वह्या तिला उत्तम आधार होतील. झाडाचे बोलीतील नाव, मराठी नाव, सापडण्याची जागा, फुलण्याचा महिना आणि उपयोग असे पाच रकाने आखावेत. औषधी उपयोग मात्र सांगणाऱ्याच्या संमतीनेच लिहावा.

तेव्हा बंधूंनो, मुलगा किंवा मुलगी प्रकल्पासाठी पैसे मागू लागली, तर वहीपुरते द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बांधावर घेऊन जा. आपल्याला शास्त्रीय नाव ठाऊक नसेल, ते मुले पुस्तकातून शोधतील. पुस्तकात नसलेले आपण सांगा. दोघांचे मिळून जे लिहिले जाईल, ते आपल्या गावाचे पहिले पाठ्यपुस्तक ठरेल.



जय किसान!