गोळी फेकू नका, उतरवा

(इंदिरानगर, नाशिक इथं युवक कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं, चळवळ आणि तरुण यावर बोल. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी माझ्या खिशातल्या पाकिटावर बोलणार आहे. हे बघा. एस्सिटालोप्राम. माणूस आतून ढासळला की देतात. या हॉलमधे आणखी दोन-चार खिशांत असंच पाकीट असेल. पण आपण ते घरच्यांनासुद्धा दाखवत नाही. मोर्चात छाती पुढं, आणि मेडिकलवर चिठ्ठी दुमडून.

का लपवतो? आपल्यातच एक भाषा आहे म्हणून. "बाबासाहेबांचा वाघ आणि गोळ्या खातो?" "साला, व्यवस्था मोडायची सोडून हा स्वतःलाच गुंगी देतोय." हे मी ऐकलंय. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्याला ऐकवलंयही.

दोन वर्षं मी रोज १० मिलिग्रॅम घेत होतो. बरं वाटत होतं. एकदा बैठकीतनं असंच काहीबाही ऐकून निघालो आणि पाकीट गटारात फेकलं. वाटलं, क्रांती केली. तिसऱ्या दिवशी इंदिरानगरच्या बोगद्यातनं स्कूटरवर चाललो होतो, तर डोक्यात करंट बसल्यासारखा झटका. मग दुसरा. मान वळवली की डोळे जरा मागंच राहायचे. गाडी कडेला लावून खाली बसलो. पुढं मळमळ, घाम, भयाण स्वप्नं, झोपेचा पत्ता नाही. आईवर ओरडलो, कंपनीत सुपरवायझरशी भांडलो, आणि एका दुपारी मशिनीपाशी उभा राहून ढसाढसा रडलो. मला वाटलं, आजार उलटला. आता जन्मभर गोळी.

तो आजार नव्हता दोस्तांनो. ते औषध एकदम तोडल्याचं होतं. आणि हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. ना गोळी देणाऱ्यानं, ना गोळी फेकायला लावणाऱ्यांनी.

फरक असा. औषध तोडल्याचा त्रास बहुतेक दोन-चार दिवसांत सुरू होतो. त्यात डोक्यातले झटके, चक्कर असलं काही असतं, जे मूळ आजारात नव्हतं. आणि गोळी परत सुरू केली की बहुधा काही दिवसांत उतरतो. आजार परततो तो सहसा हळूहळू, आठवडे-महिने घेऊन. फ्लुऑक्सेटिन अंगात खूप दिवस टिकतं, त्यामुळे त्याचा त्रास उशिरा येऊ शकतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन लवकर उतरतात, म्हणून जास्त छळतात.

सगळ्यांना हे होतं असं नाही. २०२४ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. गोळी थांबवणाऱ्या तिघांतल्या साधारण एकाला काहीतरी लक्षण दिसलं. पण साखरेची खोटी गोळी थांबवणाऱ्या सहांतल्या एकालाही दिसलं. म्हणजे भीतीचाही वाटा आहे. पण काहींना जबर त्रास होतो, आणि त्यांना "मनाचे खेळ" म्हणून हाकलणं हा हरामीपणा आहे. इंग्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजलासुद्धा २०१९ साली आपली जुनी भूमिका बदलून कबूल करावं लागलं की हा त्रास काहींना तीव्र असतो आणि लांबतो. रुग्ण ओरडत होते म्हणून ते झालं. आपोआप नाही.

आता उतरवायचं कसं. इथं जरा डोकं लावा. आपल्याला वाटतं, गोळी अर्धी केली की परिणाम अर्धा. तसं नाही. याच जातकुळीतलं सिटालोप्राम घ्या. ज्या जागी ते मेंदूत काम करतं, त्यातल्या सुमारे ८० टक्के जागा २० मिलिग्रॅमला भरतात. ९ मिलिग्रॅमवर आलात तरी ७० टक्के. ५ च्या जरा वर ६०. आणि १ च्या आत आलात तरी २० टक्के शिल्लकच. म्हणजे वरच्या पायऱ्या बुटक्या आणि शेवटची पायरी ही उंच भिंत. आपण काय करतो? १० चं ५ करतो, काही होत नाही, मिशीवर ताव देतो, आणि ५ वरनं थेट शून्यावर उडी मारतो. तिथंच तंगडी मोडते. २०१९ साली हॉरोविट्झ आणि टेलर या दोघांनी हे नीट मांडलं: जितकं खाली याल तितकी पायरी बारीक करा.

मी आता तसं करतोय, डॉक्टरांना सांगून. १० चं साडेसात, मग ५, मग पावणेचार. दर पायरीवर महिनाभर थांबायचं. त्रास वाढला तर मागच्या पायरीवर जायचं, त्यात हार नाही. एक दिवस घ्या, एक दिवस सोडा, हे करू नका. अंगातलं औषध रोज वरखाली होतं आणि मेंदूला झोके बसतात. हळूहळू सुटणारी गोळी किंवा कॅप्सूल विचारल्याशिवाय फोडायची नाही. आणि पाकिटावर एस्सिटालोप्रामच्या जोडीला क्लोनाझेपाम लिहिलंय का बघा. ही जोडगोळी आपल्याकडं सर्रास लिहून देतात. क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. त्याचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरकडूनच.

आता आपल्या वस्तीची गोष्ट. आपल्यात गोळी बंद होते ती बहुतेक निर्णयानं नाही. महिनाअखेर येते, पाकीट संपतं, अंबडला ब्रेक मिळतो, घरात आधी किराणा येतो. चार दिवस खाडा. मग झटके, मग चिडचिड, मग मारामारी. आणि लोक म्हणतात, वस्तीतली पोरं अशीच. जनऔषधी दुकानात विचारा, पुष्कळ स्वस्त पडतं. सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची आणि औषधाच्या दुष्परिणामांची माहिती मागण्याचा हक्क दिलाय. डॉक्टरसमोर मान खाली घालून बसू नका. विचारा: हे किती दिवस, आणि उतरवायचं कसं?

आपली कितीतरी पोरं-पोरी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेला जातात. जा. पण शिबिरासाठी म्हणून गोळी तोडून जाऊ नका. अर्जात औषधं विचारतात, ती खरी लिहा. दहा दिवस मौनात बसून डोक्यात झटके सोसायचे, हा धम्म नव्हे.

कुणी म्हणेल, दुखणं जातीचं आणि तू गोळीचं सांगतोस. मान्य. गोळीनं जात जात नाही. फ्रांत्झ फॅनन मानसोपचारतज्ज्ञ होता. अल्जिरियातल्या सरकारी इस्पितळाचा राजीनामा त्यानं १९५६ साली फ्रेंच वसाहतवादाच्या तोंडावर फेकला. पण ट्यूनिसला जाऊन तो परत रुग्णच बघत होता. दोन्ही केलं त्यानं. रोहित वेमुला गेला २०१६ साली, पायल तडवी २०१९ साली. आपण रस्त्यावर उतरलो. मेल्यावर उतरलो. जिवंत असताना रात्री दोन वाजता फोन उचलणारा आपल्यात कोण आहे?

माझे मित्र आता उचलतात. एकजण दर रविवारी माझी वही बघतो: किती मिलिग्रॅम, झोप किती, झटके किती. तो बघतो, कारण बिघडलेलं आधी दुसऱ्याला दिसतं. मरणाचे विचार यायला लागले तर उतरवणं तिथंच थांबवायचं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्र असेल तर १४४१६, टेलि-मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. एकट्यानं बसायचं नाही. आणि ज्याचं दुखणं अजून ताजं आहे, घर किंवा नोकरी डुगडुगतेय, त्यानं आत्ता उतरवायला घेऊच नये. काहींना वर्षानुवर्षं गोळी लागते. लागू दे. त्याला कुणी वाघ-बिघ म्हणून डिवचलं तर माझ्याकडं पाठवा.

माझं सध्या अडीच चालू आहे. पाचाच्या गोळीचे ब्लेडनं दोन तुकडे, एक आज, एक उद्या. दिवाळीपर्यंत इथंच थांबणार, कारण दिवाळीआधी कंपनीत रात्रपाळी आहे आणि झोपेचा भरवसा नाही. वही इथं टेबलावर ठेवतो, बघायची असेल त्यानं बघा. आणि मागं बसलेल्या भावानं मघाशी हात वर केला होता, आता विचार.