आधी उतार, मग चढ

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मसाला दूध गार व्हायच्या आत संपवा, अशी मला सक्त ताकीद आहे. त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. म्हणजे दुसऱ्याच्या कंपनीत जायचं, तिथल्याच लोकांना प्रश्न विचारायचे, त्यांचीच उत्तरं त्यांना सांगायची आणि वर बिल लावायचं. पण आज मी सल्ला देणार नाही. आज एक कबुली द्यायची आहे.

मी मूळचा खोपोलीचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. मुंबई-पुणे सायकल शर्यत आमच्या गावावरून जायची. घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. शर्यत कोण जिंकलं ते आम्हा पोरांना आठवत नसे, घाटाचा राजा मात्र आठवे. शिवाय आमच्या घरातही एक दंतकथा होती. बाबा रोज सायकलनं कारखान्यात जायचे. तरुणपणी त्यांनी म्हणे मित्रांशी पैज लावून, खोपोली ते खंडाळा, पाय जमिनीला न टेकवता घाट चढला होता. तीही साध्या काळ्या सायकलवर, मडगार्ड-कॅरिअरसकट. पुढे स्कूटर आली, सायकल भंगारात गेली, आणि पन्नाशीच्या आत बाबांना डायबेटिस लागला.

2024 च्या जानेवारीत माझी रक्ततपासणी झाली. एचबीए-वन-सीचा आकडा आला 45. नर्सबाईंनी समजावलं, की 42 ते 47 म्हणजे पिवळा दिवा, 48 पासून पुढे डायबेटिस. मी तेव्हा पस्तीस वर्षांचा. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधली सायकल काढली.

ईस्टरच्या सुट्टीत कुठे जायचं यावर घरात चर्चा झाली. बायकोला समुद्र हवा होता, मला घाट. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं म्हणून मयोर्का ठरलं. भूमध्य समुद्रातलं हे स्पेनचं बेट. त्याच्या वायव्य काठाला त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे, 2011 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली. सर्वांत उंच शिखर पुइग माजोर, आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे दोनशे मीटर बुटकं. पण घाट सुरू होतात ते जवळजवळ समुद्रसपाटीपासून, त्यामुळे चढ पुरेपूर मिळतो.

आता ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आपली सायकल खोक्यात भरून विमानातून नेण्यापेक्षा तिथे भाड्यानं घेणं सोपं. मात्र एप्रिलमध्ये गर्दी असते, तेव्हा आधी नोंदवून ठेवा. घरच्या सायकलच्या सीटची उंची टेपनं मोजून कागदावर लिहून न्या. आपलं हेल्मेट, सायकलचे बूट आणि पायडलं बॅगेत टाका. दुकानदार पायडलं बसवून देतो. गिअर सोपे मागा. मी पुढे 34 दाते आणि मागे 34 दाते असे मागितले, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. मागताना लाज वाटली होती, पण चढावर त्या दुकानदाराला मी मनातून दहा वेळा धन्यवाद दिले.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ब्रेक! भारतात आणि इथे इंग्लंडात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. स्पेनमध्ये तो डाव्या हाताला. सांगितलं तर बदलून देतात. मी सांगितलं नाही, कारण मला सगळं येतं! पहिल्याच गोल चौकात, उजवीकडून गाडी चालवण्याच्या देशात, मी सवयीनं डावा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मी थांबलो नाही. गुडघा सोलला, हाफपँट फाटली. चिरंजीव आठ वर्षांचे. ते म्हणाले, "बाबा, अगेन करा ना!"

दुसऱ्या दिवशी मुकाम पोस्टाजवळचा, म्हणजे पोर्ट दे पोयेन्साजवळचा, फॉर्मेंतोरच्या दीपगृहाचा रस्ता केला. तो जमला, आणि डोक्यात हवा गेली.

तिसरा दिवस सा कालोब्राचा. या रस्त्याची गंमत अशी, की तो कुठेही जात नाही. आधी 'कोल देल्स रेइस' नावाची खिंड लागते, उंची 682 मीटर. तिथून साडेनऊ किलोमीटर उतरत समुद्रावरच्या चिमुकल्या गावात जायचं, रस्ता तिथेच संपतो. परत यायला तोच रस्ता. आन्तोनियो पारिएत्ती या इंजिनियरनं 1932 मध्ये तो पुरा केला. फॉर्मेंतोरचा रस्ताही त्याचाच. सा कालोब्राला त्यानं एकही बोगदा खणला नाही. डोंगराच्या अंगाअंगानं रस्ता दुमडत दुमडत खाली नेला, आणि वर एका ठिकाणी तर 270 अंशांत फिरवून स्वतःच्याच खालून काढला. त्या वळणाला 'टायची गाठ' म्हणतात.

मंडळी, सगळ्या घाटांत आधी चढ असतो. दम संपला की मागे फिरा, घर उताराला आहे. इथे उलटं. इथे आधी उधळपट्टी, मग हप्ते.

ल्युकच्या मठाजवळ कॉफी प्यालो, दगडी कमानीखालून डावीकडे... नाही, आमच्या बाजूनं येताना उजवीकडे वळलो आणि खिंडीत पोचलो. खाली पाहिलं. कोणीतरी जिलबी पाडताना हात थरथरावा तसा रस्ता दरीत सांडला होता. अकरा वाजले होते, टूरच्या बसेस एकामागून एक उतरत होत्या. माझ्या मांड्या आधीच भरून आल्या होत्या. मी दहा मिनिटं उभा राहिलो, खालच्या वळणांसकट स्वतःचा फोटो काढला आणि मागे फिरलो.

इथवर काहीच चुकलं नाही. चुकलं ते पुढे. मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सा कालोब्रा, डन!" दोन मिनिटांत खोपोलीहून बाबांचं उत्तर आलं, "शाब्बास! घाटाचा राजा!"

संध्याकाळी चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, खाली पाणी कुठल्या रंगाचं होतं?" मी म्हटलं, "निळं." "मग त्याचा फोटो का नाही?" "फोनची बॅटरी संपली." सॉफ्टवेअरवाल्यांना हे माहीत आहे. एक चूक झाकायला एक पॅच, तो झाकायला दुसरा. गुरुवारी रात्री मी बायकोला खरं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला बुधवारीच कळलं होतं. जायचं होतं शंभराच्या आसपास, तुझ्या मीटरवर जेमतेम पंचाहत्तर होते." ती ऑडिटर आहे, हे मी विसरलो होतो. मग म्हणाली, "उद्या जा. पण जमलं नाही तर जमलं नाही म्हण. तुझी शुगर काही व्हॉट्सअॅपवरच्या फोटोनं उतरणार नाही."

शुक्रवारी उजाडता उजाडता निघालो. बसेसच्या आधी खिंड गाठली आणि या वेळी उतरलो. उतारावर बोटं दुखेपर्यंत ब्रेक, तेही आता बरोबर हातानं! एके ठिकाणी दोन कातळांच्या मधून जेमतेम गाडी जाईल एवढीच फट आहे. खाली तोरेंत दे पारेइस नावाची घळ समुद्राला मिळते. मी पाण्यात हात बुडवला. पाणी निळं नव्हतं. काठाला काचेसारखं, पुढे हिरवं, आणि निळं अगदी लांब.

मग चढ. सरासरी सात टक्के, म्हणजे शंभर मीटर गेलात की सात मीटर वर. पहिलं वळण, दुसरं, पाचवं. मोजणं सोडून दिलं. अर्ध्यावर थांबलो, संत्रं खाल्लं. पुन्हा थांबलो. टायच्या गाठीच्या खाली तिसऱ्यांदा. व्यावसायिक खेळाडू हा घाट अर्ध्या तासाच्या आत चढतात. मला एक तास बावीस मिनिटं लागली. या वेळी फोटो काढला नाही, बाबांना फोन लावला.

म्हटलं, "बाबा, बुधवारचं खोटं होतं. आज चढलो. पण तीनदा पाय टेकवले."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "अरे, मी तरी कुठे सलग चढलो? शिंगरोबाच्या देवळाशी थांबलो, दहा पैसे वाहिले आणि तिथून सायकल हातात धरून ढकलत नेली. तुझ्या आईला आजवर सांगितलेलं नाही."

शिंगरोबा म्हणजे ज्या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात, तो. पारिएत्तीचं नाव पुस्तकात आहे, शिंगरोबाचं देऊळ घाटात आहे. येणारे-जाणारे तिथे थांबतात, त्यात कमीपणा नसतो. आमच्या घरात मात्र तीस-पस्तीस वर्षं तो कमीपणा मानला गेला. नंतर समजलं, सुरुवातीला शुगरचा रिपोर्ट आला तेव्हाही बाबांनी दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. चढताना थांबलं तर चालतं, लपवलं तर महाग पडतं, एवढंच मला या घाटानं शिकवलं.

तुम्हाला उत्सुकता असेल म्हणून सांगतो. सहा महिन्यांनी माझा आकडा 43 आला. अजून पिवळाच दिवा आहे. 'कोल देल्स रेइस' याचा अर्थ राजांची खिंड. त्या खिंडीतला मी राजा नव्हे, आणि ग्रुपवर तशी दुरुस्ती लेखी दिलेली आहे.

दर रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही चारजण याच हॉलच्या पार्किंगमधून सायकलनं निघतो. वेग कमी असतो, थांबे भरपूर असतात. गुलाबजाम खाऊन झाले की नाव द्या. आणि हो, रक्त तपासून घ्या. आकडा काहीही येवो, घरी सांगा.