धंदा शिकवावा कसा?

पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकल्याचे आपण ऐकलेले नाही. त्यासाठी विहिरीत उतरावेच लागते. पण पहिल्याच दिवशी पोराला कोणी पुरात लोटत नाही. कमरेला भोपळा बांधतात, थोरले माणूस काठावर उभे राहते आणि मग त्याला पाण्यात सोडतात. धंद्याचे शिक्षणही असेच असावयास हवे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी भांडवल, नफा, घसारा यांच्या व्याख्या बिनचूक लिहितो. पण घरी वडिलांनी विचारले, "बाळ, गावात पिठाची दुसरी गिरणी चालेल का रे?" की तो गप्प होतो. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले नसते.

ही उणीव भरून काढण्याची एक रीत आज मी आपणांस सांगणार आहे. तिला 'केस पद्धत' म्हणतात. आपण तिला प्रसंगपद्धती म्हणू.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने 1908 साली व्यापारशिक्षणाची शाळा काढली. 1919 मध्ये वॉलेस डोनम हे तिचे प्रमुख झाले. ते शिक्षणाने वकील होते. वकिलीचे विद्यार्थी खरे खटले वाचून कायदा शिकतात, मग व्यापाराच्या विद्यार्थ्यांनी खऱ्या दुकानांच्या आणि कारखान्यांच्या अडचणी वाचून धंदा का शिकू नये, असा त्यांचा विचार होता. 1921 साली बुटांच्या एका कंपनीवरचा पहिला प्रसंग तेथे लिहिला गेला. आपल्याकडे अहमदाबादला 1961 साली व्यवस्थापनाची संस्था निघाली, तिने हार्वर्डच्या सहकार्याने हीच पद्धत उचलली. पुढे याच प्रसंगांच्या स्पर्धा निघाल्या. कॅनडात माँट्रियल येथे 1981 साली सुरू झालेली अशी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. स्पर्धेत साधारणतः चार-चार विद्यार्थ्यांचे गट असतात. त्यांच्या हाती एक प्रसंग देतात आणि विचाराला काही तास देतात. मग परीक्षकांपुढे उभे राहून, "आम्ही असतो तर असे केले असते आणि ते या कारणासाठी," असे त्यांनी मांडायचे. परीक्षकांत खरे व्यापारी आणि कारखानदारही असतात, आणि ते उलटतपासणी घेतात.

आता प्रसंग कसा असतो, ते आपल्याच मातीतल्या उदाहरणाने पाहू.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

इथे गोष्ट थांबवावी आणि गुरुजींनी विचारावे : मुलांनो, नांगर पडून आहेत आणि पैसा अडकला आहे. लक्ष्मणरावांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

एक म्हणेल, किंमत उतरवा. दुसरा म्हणेल, जाहिरात करा. तेवढ्यात शेतकऱ्याचे एखादे पोर विचारील, "गुरुजी, फाळ मोडला तर दुरुस्त कोण करणार?" श्रोतेहो, तो प्रश्न लाखमोलाचा आहे. लाकडी नांगर गावचा सुतार नीट करी, फाळ लोहार शेवटून देई आणि दोघांचे बलुते सुगीला धान्यात फिटे. लोखंडी नांगराला मात्र रोकड पैसा हवा, तोही पेरणीआधी, शेतकऱ्याचा हात रिकामा असताना. शिवाय मोडला तर सुटा भाग आणायला शहर गाठावे लागणार. म्हणजे शेतकऱ्याच्या 'नको' मागे नुसता अडाणीपणा नव्हता, हिशेबही असू शकतो. हे उमगले की उपाय बदलतात. कोणी म्हणेल, एक हंगाम नांगर वापरायला द्या. कोणी म्हणेल, पैसे सुगीला घ्या. कोणी म्हणेल, सुटे भाग बाजाराच्या गावी ठेवा. मग प्रत्येकाचा खर्च मांडावा : सुगीपर्यंत थांबायचे तर कामगारांचा पगार कशातून द्यायचा?

पुढची हकीकत सगळ्यांत शेवटी सांगावी. लक्ष्मणरावांनी नाद सोडला नाही. हळूहळू मागणी वाढली आणि 1910 साली औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण तेच एक उत्तर बरोबर होते असे मुलांना सांगू नये. आधीच शेवट कळला की विचार थांबतो.

या रीतीने काय साधते? अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची सवय लागते. गिऱ्हाइकाच्या जागी बसून पाहता येते. चौघांत काम वाटून घेता येते, आणि दुसऱ्याने खोडून काढले तरी न रागावता ऐकता येते.

स्पर्धेत एक धोकाही आहे. बोलका मुलगा बाजी मारतो आणि शांतपणे हिशेब करणारा मागे राहतो. शिवाय पैसा आपला नसला की माणूस उदार होतो. म्हणून गुण देताना भाषणापेक्षा हिशेबाला आणि विचारलेल्या प्रश्नांना वजन द्यावे. आणि परीक्षक म्हणून गावचा किराणा दुकानदार, दूध संस्थेचे चिटणीस, भाजी विकणाऱ्या मावशी यांना बोलवावे. त्यांच्यापुढे पोकळ बोलणे टिकत नाही. स्पर्धेनंतर प्रत्येक गटाला थोडे भांडवल देऊन जत्रेत किंवा आठवड्याच्या बाजारात एक दिवस खरी विक्री करायला लावावी. उरलेला माल परत उचलून आणला म्हणजे जे कळते, ते फळ्यावर कळत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी परदेशी पुस्तके लागत नाहीत. आपल्या गावच्या तेलघाण्यावर, कुंभाराच्या आव्यावर, कांद्याच्या चाळीवर जा. मालकाची परवानगी घ्या. काय अडले, केव्हा अडले, हाती किती पैसा होता, ते दोन पानांत लिहा. तोट्याची गोष्ट असेल तर नाव बदला, आकडे मात्र खरे ठेवा. आणि निर्णयाच्या ठिकाणी लेखणी थांबवा.

पालकांनाही एक सांगणे आहे. कांदा आज विकावा की ठेवावा, कर्ज काढून म्हैस घ्यावी की नाही, हे ठरवताना मुलामुलींना जवळ बसवा आणि त्यांचे मत विचारा. वर्गात चुकले तर दोन गुण जातात, स्पर्धेत चुकले तर बक्षीस जाते. पण संसारात पहिल्यांदाच निर्णय घ्यायची वेळ आली आणि तिथे चुकले, तर जमीन गहाण पडते. ती वेळ येण्याआधी चुकायला आणि सावरायला जागा असावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप. भोपळा बांधून पोहायला शिकलेले पोर पुढे आपणच भोपळा सोडते.