सुईची गिरणी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



सुई ही आपल्या शिंपी समाजाची अन्नदात्री. दसऱ्यास कात्री, गज व शिवणयंत्र यांच्या पंक्तीस बसवून आपण तिचीही पूजा करितो. परंतु ही सुई स्वतः कोणाच्या हातून घडत आली, हा विचार सहसा आपल्या मनास शिवत नाही. त्याविषयीच चार शब्द आपल्यापुढे ठेवण्याचे मी योजिले आहे.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस, वूस्टरशायर परगण्यात, रेडिच नावाचे गाव आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) जगातील बहुतांश सुया या गावात व त्याच्या आसपास तयार होत. तेथील ‘फोर्ज मिल’ ही गिरणी आजही उभी आहे. नावाप्रमाणे मूळची ती लोखंडाची भट्टी. अठराव्या शतकात तिची सुया घासण्याची गिरणी झाली. तांबड्या विटांची इमारत, शेजारी तळे आणि त्याच्या पाण्यावर फिरणारे मोठे चाक, असे तिचे स्वरूप. वास्तुकलेचा डौल तीत नाही. पाण्याचा जोर चाकास मिळावा व चाकाचा जोर यंत्रास पोहोचावा, एवढाच तिच्या रचनेचा हेतू.

सुईची घडण मोठी लांबलचक असे. पोलादी तारेचे दोन सुयांच्या लांबीएवढे तुकडे करावयाचे, ते सरळ करून दोन्ही बाजूंस टोके काढावयाची, मध्यभागी जोडीने नेढी पाडावयाची आणि मग तुकडा मोडून दोन सुया वेगळ्या करावयाच्या. त्यानंतर त्या तापवून पोलादास ‘पाणी’ द्यावयाचे. अशा काळवंडलेल्या हजारो सुया मऊ साबण व कुरुंदाची पूड यांसह जाड कापडात गुंडाळून त्यांची वळकटी बांधीत. जलचक्राच्या बळाने ती वळकटी जड फळ्यांखाली तासन्‌तास मागेपुढे लोळे. वळकटी सोडावी, सुया धुवाव्या, पुन्हा बांधावी, असे कित्येक दिवस चालल्यावर सुईस ते तेज चढे, ज्यामुळे ती कापडातून अलगद निघून जाते.

या सर्वांत घातक काम टोके काढण्याचे. कारागीर मूठभर तारा एकदम धरून त्या फिरत्या दगडावर घाशी. दगडाची व पोलादाची सूक्ष्म धूळ श्वासाबरोबर छातीत जाई. फुप्फुसे झिजून कित्येक जण ऐन तारुण्यात दगावत. पुढे ती धूळ ओढून घेणारे पंखे निघाले. तेव्हा त्यांस विरोध केला तो खुद्द या कारागिरांनीच! जोखमीच्या कामास मजुरी भरपूर मिळे. धोका टळला की मजुरीही उतरेल, ही त्यांची भीती होती.

त्यांस मूर्ख ठरविणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरची चूल धोक्यावरच पेटते, त्यास धोकाच आपला आधार वाटू लागतो. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, तर ज्या व्यवहारात कसबाऐवजी मरणाचे मोल दिले जाते, त्या व्यवहाराचा आहे.

फोर्ज मिलचे काम १९५८ साली थांबले. १९८३ पासून तेथे सुयांचे संग्रहालय आहे व जुनी यंत्रे तेथे जपून ठेविली आहेत. तथापि त्या गिरणीचा बोध संग्रहालयात ठेवण्यासारखा नाही. दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर आपल्याही दुकानांतून कारागीर अपुऱ्या उजेडात रात्र रात्र सुईवर डोळे लावून बसतात. जादा पैसे मिळतात, म्हणून ते तक्रार करीत नाहीत. त्यांचे मौन म्हणजे संमती, असे दुकानाच्या धन्याने समजू नये. चांगला दिवा, मोकळी हवा आणि वेळेवर विश्रांती ही मजुरीत कपात न करता मिळाली पाहिजेत. आपल्या मंडळाने हा विषय आपल्या दुकानदार सभासदांपुढे आग्रहाने मांडावा, अशी माझी विनंती आहे.

सुईचे काम फाटलेले जोडण्याचे. ती चालविणाऱ्याचे आयुष्य तिच्यापायी उसवू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.